ओल्या फडक्याचा पारा

धारणपूरच्या लोकांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे त्यांच्या गावचा उन्हाळा, आणि दुसरी म्हणजे त्या उन्हाळ्याला त्यांनी हरवलं ही. पहिला अभिमान जुना. सत्तेचाळीस अंशांत खिशात कांदा टाकून बाजार करून येणारी ही वऱ्हाडी माणसं. मुंबई-पुण्याचा पाहुणा आला की त्याला मुद्दाम मे महिन्यात गावभर फिरवायचं आणि वर ऐकवायचं, "आमचं ऊन कोरडं असते साहेब, तुमच्यासारखी चिकचिक नाही." कोरडं ऊन म्हणजे जणू खानदानी ऊन. घाम यायचा तो अंगावर दिसायच्या आत वाळून जायचा, त्यामुळे आपल्याला घाम येतच नाही अशी निम्म्या गावाची समजूत होती.

दुसरा अभिमान नवा, उण्यापुऱ्या सहा वर्षांचा. त्यात प्रल्हाद बोचरे या गवंड्याचा वाटा मोठा होता, आणि तो कमी करून सांगायची प्रल्हादला सवय नव्हती.

झालं होतं असं, की नागपूरहून डॉ. ऋजुता देवपुजारी नावाच्या बाई काचेच्या बरण्यांत करड्या रंगाचं काहीतरी घेऊन धारणपूरला आल्या. ते जंतू होते. चुन्यात घालून भिंतीला थापले की हे जंतू चुना खात खात पुढं सरकायचे आणि मागं केसाहून बारीक नळ्या सोडत जायचे. महिनाभरात भिंतीच्या पायापासून माथ्यापर्यंत अशा कोट्यवधी नळ्यांचं जाळं तयार व्हायचं. पायाशी घरातलंच न्हाणी-मोरीचं गाळलेलं पाणी सोडलं की ते आपोआप वर चढायचं, भिंतीच्या बाहेरच्या अंगावर येऊन वाऱ्यावर उडून जायचं, आणि जाताना भिंतीची उष्णता घेऊन जायचं. विजेची गरज नाही, पंखा नाही, यंत्र नाही. डॉक्टरबाईंनी मोठ्या तक्त्यावर आकृत्या काढून हे समजावलं तेव्हा समोर बसलेल्या प्रल्हादनं मान हलवली आणि म्हणाला, "म्हणजे मॅडम, उभा माठ." बाई हसल्या. पुढं सगळीकडे भाषणांत त्या तेच सांगू लागल्या, अर्थात प्रल्हादचं नाव घेऊन.

प्रयोगशाळेत जमणारं हे काम भिंतीवर मात्र जमत नव्हतं. गिलावा जास्त घोटला तर नळ्या बुजायच्या, कमी घोटला तर पापुद्रे सुटायचे. प्रल्हादनं तीन उन्हाळे एका सरकारी गोदामाच्या भिंतीवर घालवले आणि शेवटी नेमका हात बसवला. त्या गोदामात बाहेर सेहेचाळीस असताना आत तेहेतीस भरलं. मग काय, शीतनगर मंडळ स्थापन झालं आणि प्रल्हाद त्याचा मुख्य मिस्त्री झाला. सहा वर्षांत अकरा हजार इमारतींवर जिवंत चुना चढला. एसी भंगारात गेले. विजेच्या तारा हलक्या केल्या, कारण एवढ्या विजेची गरजच उरली नव्हती. नव्या घरांना लोक छतात पंख्याची कडीसुद्धा ठेवेनासे झाले. भर दुपारी रस्त्यावर चार अंशांनी कमी ऊन लागायला लागलं, चिमण्या परत आल्या, आणि परदेशातले लोक येऊन भिंतीला गाल लावून फोटो काढू लागले. प्रल्हादला पाचशे माणसांच्या सभेत शाल मिळाली. ती त्यानं मे महिन्यात अंगावर घेऊन दाखवली होती.

एक जागा तेवढी राहिली. ज्या खाणीतून जुन्या धारणपूरचा सगळा काळा दगड निघाला, ती खाण पन्नास वर्षांपूर्वी बंद पडली आणि तिच्या तळाशी वस्ती उभी राहिली. गावापेक्षा चाळीस फूट खाली, चहूबाजूंनी कातळ, आणि मधे सहाशे टिनाची घरं. टिनाला गिलावा धरत नाही, आणि ही घरं कोणत्याच नकाशात नव्हती, त्यामुळे मंडळानं त्यांचा विचार दोन बैठकांत संपवला. या वस्तीत प्रल्हादची थोरली बहीण राहत होती.

तिचं नाव गुंफाबाई. आई गेली तेव्हा प्रल्हाद चार वर्षांचा होता आणि ती चौदा. तिनंच त्याला न्हाऊ-माखू घातलं, तिनंच मारलं, तिनंच लग्न लावून दिलं. स्वतः तरुणपणीच विधवा झाली आणि कूलरच्या ताट्या भरू लागली. कूलरच्या तीन बाजूंना जाळीच्या चौकटी असतात. त्यांत वाळा नाहीतर लाकडाचं बारीक गवत भरतात, त्यावर पाणी ठिबकतं आणि त्यातून आलेला वारा गार होतो. त्या चौकटी म्हणजे ताट्या. गवत दाट भरलं तर वारा येत नाही, विरळ भरलं तर वारा कोरडाच येतो. गुंफाबाईंनी भरलेली ताटी दोन उन्हाळे दबायची नाही. एके काळी कलेक्टरच्या बंगल्यावरचे कूलरही त्या भरत. भावाच्या भिंती आल्या आणि वरच्या गावातले कूलर गेले, तेव्हा त्यांचं गिऱ्हाईक खाणीपुरतं उरलं. यावर त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. उलट कुणी विषय काढला तर म्हणायच्या, माझ्या भावानं गाव गार केलं, मला काय कमी आहे.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा निरोप आला, जरा येऊन जा. प्रल्हाद गेला तेव्हा त्यांच्या दारात पंधरावीस माणसं उभी होती आणि भिंतीला ताट्यांची चळत लागली होती. लोक ताट्या परत आणत होते. कूलर रात्रंदिवस चालतो पण गार काही करत नाही, नुसती वाफ फेकतो, अशी सगळ्यांची एकच तक्रार. किसन वाघ नावाचा म्हातारा, स्वतः जुना खाणकामगार, तर म्हणत होता की पोरं कूलर बंद ठेवा म्हणतात, चालू केला की जीव जास्त घुसमटतो. गुंफाबाई मधोमध बसून एकेक ताटी उकलून बघत होत्या. पाठीवरचं लुगडं घामानं पार चिकटलेलं होतं. आपल्या बहिणीला असं भिजलेलं प्रल्हादनं जन्मात पाहिलं नव्हतं. पण त्या दिवशी त्याची सून बाळंत झाली होती, त्याला दवाखान्यात जाऊन नातवाचं तोंड बघायचं होतं, आणि त्या गोष्टीकडे त्यानं लक्ष दिलं नाही.

"प्रल्हाद, तू कारागीर माणूस हाय," त्या म्हणाल्या. "माह्या भरण्यात काही चुकते का, पाहून सांग बरं."

प्रल्हादनं एक ताटी उचलली, चार बोटं गवतात घातली आणि मुख्य मिस्त्रीच्या थाटात निकाल दिला. "गवत हलकं हाय, बाई. कोणी फसवलं असन तुले. आता वय झालं तुह्यं, हात पयल्यासारखा नाई रायला."

हे तो सगळ्यांच्या देखत बोलला. बोलून पाच मिनिटांत निघूनही गेला. गुंफाबाईंनी मान खाली घातली आणि परत आलेल्या सगळ्या ताट्या पुन्हा भरून द्यायचं कबूल केलं. सहाशे घरं, घरागणिक तीन ताट्या.

दहा दिवसांनी खाणीच्या काठावरच्या शेवटच्या इमारतीच्या भिंतीला तडा गेला म्हणून प्रल्हाद डागडुजीला आला. तडा भरला, हात फिरवला. हा हात सकाळी दिला की संध्याकाळपर्यंत वाळतो, इतकी वर्षं तो असाच वाळत आला होता. दुसऱ्या दिवशी बघितलं तर ओला. तिसऱ्या दिवशी बोट लावलं तर बोट आत गेलं. प्रल्हाद तिथंच उभा राहिला. मे महिना, वर बेचाळीस अंशांचं ऊन, आणि चुना वाळत नाही. चुन्यात खोट नव्हती, ती मेळवणी त्यानं स्वतः केली होती. मग खोट हवेत होती. आणि हवेतच खोट असेल तर बहिणीच्या ताट्यांत ती कुठून असणार?

तो तडक डॉक्टरबाईंकडे गेला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. दोन तापमापक घेतले, एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि दुपारी दोन वाजता प्रल्हादबरोबर खाणीत उतरल्या. सुका पारा एक्केचाळीसवर थांबला. ओल्या फडक्याचा पारा उतरत उतरत बत्तिसावर आला आणि तिथंच राहिला. किसन वाघांच्या टिनाच्या घरात तो तेहेतीस दाखवत होता. बाईंनी तीनदा पाणी बदलून पाहिलं, मग तापमापक पिशवीत टाकले आणि पायऱ्या चढू लागल्या.

वर आल्यावर त्यांनी त्याला सावलीत बसवलं आणि समजावून सांगितलं. माणसाचं अंग म्हणजेसुद्धा एक माठच. घाम उडतो म्हणून आपण जगतो. घाम किती गारवा देऊ शकेल याची सीमा म्हणजे ओल्या फडक्याचा पारा. धारणपूरचं जुनं ऊन सेहेचाळीसचं असलं तरी हवा कोरडी होती, फडक्याचा पारा तेवीस-चोवीसवर असायचा, म्हणून माणसं तगायची आणि कूलरही चालायचे. हा पारा पस्तिसावर गेला तर धडधाकट माणूस सावलीत नुसता बसून चार-सहा तासांत मरतो, कारण घाम उडतच नाही. म्हातारे, लेकुरवाळ्या, कष्टाची कामं करणारे त्याच्या पुष्कळ आधी जातात.

"पण पाणी कुठून आलं एवढं, मॅडम?" प्रल्हादनं विचारलं. विचारताना उत्तर त्याला ठाऊक होतं.

"तुमच्या-माझ्या भिंतींतून," बाई म्हणाल्या. "गोदाम एक होतं. त्याचं पाणी हवेत कुठं गेलं ते कळलंसुद्धा नाही. आता अकरा हजार इमारतींच्या भिंती रोज तळंभर पाणी हवेत सोडतात. गार हवा जड असते मिस्त्री, ती पाण्यासारखी उताराला लागते. वारा पडला की सगळी या खाणीत येऊन साठते. टिन तिला पुन्हा तापवतं. ऊन परत येतं, ओल तशीच राहते."

गावात दोनशे ठिकाणी मंडळाचे तापमापक होते आणि सगळे सुके होते. ओल मोजायचं एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही. नागपूरच्या बाईंच्या नाही, धारणपूरच्या मिस्त्रीच्या नाही. आमचं ऊन कोरडं. ते कोरडंच असणार हे सगळ्यांना इतकं पक्कं माहीत होतं, की त्यासाठी दोन रुपयांचं फडकं कुणी भिजवलं नव्हतं.

मंडळाची बैठक बंद दाराआड झाली. बाईंनी आकडे मांडले आणि म्हणाल्या, लोकांना सांगा. मग पाणी तोडण्याचा विषय निघाला. पाणी तोडलं तर दोन दिवसांत जंतू मरतात आणि भिंत नुसती भिंत उरते, मेलेला चुना पुन्हा जिवंत होत नाही. वरच्या गावात तीन लाख माणसं, त्यांच्या घरात पंखा नाही, कूलर नाही, आणि तारांत तेवढी वीजही नाही. पंचवीस तारखेला नवतपा लागणार. रोहिणीतले ते नऊ दिवस वारा हलत नाही आणि पारा सत्तेचाळिसाला टेकतो. म्हणजे पाणी ठेवलं तर खाण मरते आणि तोडलं तर गाव. बाईंना यावर तोड विचारली तेव्हा त्यांनी खरं तेच सांगितलं, की या उन्हाळ्यापुरती त्यांच्याकडे काहीच तोड नाही. शेवटी असं ठरलं, की खाणीतल्या लोकांना नऊ दिवस वरच्या शाळांत हलवावं, मात्र कारण सांगू नये. कारण कळलं तर लोक भिंतींवर चालून जातील. गावाला, आणि त्यामुळे भिंतींनाही, पाणी देणारा मोठा पाइप खाणीच्या काठाकाठानं गेला होता, आणि तो फोडायला खाणीतल्या प्रत्येक घरात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, होती.

कारण सांगितलं नाही म्हणून लोक हलले नाहीत. बारा वर्षांपूर्वी असंच पंधरा दिवसांसाठी त्यांना हलवलं होतं, आणि परत आले तेव्हा दोनशे घरांची जागा सपाट झालेली होती. तो अनुभव ते विसरले नव्हते.

नवतप्याच्या आदल्या दिवशी प्रल्हाद बहिणीला न्यायला गेला. त्या घरात एकट्या बसून ताट्या भरत होत्या. तेवढ्या दिवसांत चेहरा उतरला होता, ओठांना पापडं आली होती. त्यानं पिशवी भरायला घेतली आणि म्हणाला, नातवाला बघायला चल, नऊ दिवस राहा, मग आणून सोडतो. त्यांनी पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली आणि शांतपणे खाली ठेवली.

"सहाशे घराईचे कूलर माह्या हातचे," त्या म्हणाल्या. "लोकं तडफडून रायले अन् मी तुह्या गारव्यात जाऊन झोपू? कोन्त्या तोंडानं जाऊ, तूच सांग."

तेव्हा मात्र प्रल्हादला राहवलं नाही. त्यानं दार लोटलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगून टाकलं. भिंती, ओल, फडक्याचा पारा, बैठक, सगळं. ताट्यांचा काही दोष नव्हता, दोष आपल्या भिंतींचा आहे, हेही सांगितलं. गुंफाबाईंनी हात न थांबवता ऐकलं. मग गवताची मूठ खाली ठेवून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. लहानपणी तो खोटं बोलला की त्या अशाच बघायच्या.

"मले बरं वाटावं म्हून सांगून रायला तू."

"नाई बाई, आईची शप्पथ."

"खरं असन तं दार काहून लोटलं? ज्याईच्या पुढं मले हलकं गवत म्हणाला, त्याईच्या पुढं सांग. आत्ता सांग. मंग मी येतो तुह्याबरोबर, अन् थे सारे बी येतीन शाळेत."

दार लोटलेलंच राहिलं. बाहेर किसन वाघ आणि दोघंतिघं ओसरीवर बसलेले त्याला फटीतून दिसत होते. सांगितलं असतं तर बहीण आली असती, आणि कारण कळल्यावर कदाचित वस्तीही हलली असती. पण कदाचित सब्बल घेऊन काठावरही गेली असती, आणि वर त्याच्या घरात, पंख्याची कडीसुद्धा नसलेल्या खोलीत, अठरा दिवसांचं पोर झोपलेलं होतं. प्रल्हाद म्हणाला, दोन दिवसांनी येऊन सांगतो, आधी मॅडमशी बोलतो. गुंफाबाईंनी मान डोलावली आणि पुन्हा गवताची मूठ उचलली. भाऊ आपल्याला बरं वाटावं म्हणूनच खोटं बोलतो आहे याची आता त्यांना खात्री पटली होती, पण त्याचा त्यांना राग आला नाही, उलट मायाच वाटली असावी. निघताना त्यांनी त्याला उन्हात डोक्याला दुपट्टा बांधायला लावला.

नवतप्याचा पहिला दिवस गेला, दुसरा गेला. वरच्या गावात लोक भिंतीशी चटया टाकून झोपा काढत होते. प्रल्हाद सकाळी उठायचा, खाणीकडं निघायचा, पाळण्याजवळ येऊन थांबायचा आणि परत फिरायचा. डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं, की त्या मंडळाचा राजीनामा देऊन सगळं जाहीर करणार आहेत, पण नवतपा संपल्यावर. त्यांचंही मन पाइपपाशी येऊन अडत होतं. खाणीत त्या दोन दिवसांत चारजण गेले. गावात उष्णतेचा भोंगा होता, पण तो पंचेचाळीसला वाजायचा, आणि खाणीतला सुका पारा एक्केचाळीस-बेचाळीसच्या वर गेलाच नाही. त्यामुळे दवाखान्यानं कागदावर म्हातारपण लिहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी प्रल्हादनं मनाचा हिय्या केला. सुनेला सांगितलं की बाळाला घेऊन माहेरी जा, आत्ताच्या गाडीनं जा, का ते विचारू नकोस. मुलाला स्टेशनवर पाठवलं. मग खाणीच्या पायऱ्या उतरला. उतरताना अंगाला ओलं घोंगडं गुंडाळल्यासारखं झालं. वस्तीत एक माणूस उभा दिसत नव्हता, जो तो दारात आडवा पडलेला.

किसन वाघांची बायको यमुना गुंफाबाईंच्या दारात बसली होती. तिनं प्रल्हादला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. गुंफाबाई आत भिंतीला टेकून होत्या. मांडीवर अर्धी भरलेली ताटी होती आणि गवतात बोटं अडकलेली. अंग अजून तापलेलं होतं, आणि वरून ओलंचिंब. घाम उडालाच नव्हता. यमुनाबाई सांगत होत्या, की सकाळपासून त्यांना कितीदा म्हटलं जरा पडा म्हणून, पण आज वीस घरांच्या तरी झाल्या पाहिजेत म्हणाल्या. प्रल्हाद बहिणीच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याला आता जे सांगायचं होतं ते ऐकायला ती थांबली नव्हती, आणि न थांबण्याचा तिला पूर्ण हक्क होता.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर सगळी वस्ती खाणीतल्या मोकळ्या जागेत जमली. नवतपा अजून संपला नव्हता. प्रल्हाद उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. गुंफाबाईंच्या ताट्या चोख होत्या, त्यांना नाव ठेवलं ते मी, आणि तुमचे कूलर बिघडवले तेही मीच. गावात जेवढ्या भिंती आहेत तेवढं पाणी तुमच्या छातीवर बसलं आहे. फडक्याचा पारा काय असतो तेही त्यानं हातवारे करून समजावलं. काठावरचा पाइप दाखवला, त्यातलं पाणी तोडलं तर काय होतं ते सांगितलं, आणि तोडायचा तर तोडा, मी आडवा येणार नाही, असंही म्हणाला. एवढं बोलून तो हात बांधून उभा राहिला. सब्बल आली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

कुणी उठलं नाही. ओल्या फडक्याची गोष्ट त्यांच्या गळी उतरली नव्हती. पाण्यानं माणूस मरतो म्हणे, तेही वऱ्हाडात, मे महिन्यात. आयुष्य ज्यांचं पाण्यासाठी टँकरमागं धावण्यात गेलं, त्यांना हा माणूस सांगत होता की हवेत पाणी जास्त झालं. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की वर भिंती आहेत आणि तिथं कुणी मरत नाही. खाली भिंती नाहीत आणि इथं सात दिवसांत अकरा मेले.

किसन वाघ म्हातारा हळूहळू बोलला, की मिस्त्री, आता टिनाला धरेल असं काहीतरी काढलंय म्हणतात, जाळी ठोकून वगैरे, तर आमच्याही घरांना द्या. बाकीच्यांनी माना डोलावल्या. प्रल्हाद म्हणाला, की द्यायला हरकत नाही, पण इथं भिंत गार होणारच नाही, हवेत आणखी पाण्याला जागाच उरली नाही, उलट घरात आणखी ओल होईल आणि उरलेलेही जातील. हे त्यानं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायला लागला तेव्हा यमुनाबाईंनी त्याला हातानं थांबवलं. त्या चिडलेल्या नव्हत्या, फक्त थकलेल्या होत्या.

"मिस्त्री, नसतीन द्यायच्या तं सरळ नाई म्हणा," त्या म्हणाल्या. "मेलेल्या बाईले मधात आणू नका."

प्रल्हाद खाली बसला. आता नाही म्हटलं तर गारवा वरच्यांनी स्वतःपुरता ठेवून घेतला असंच होणार होतं. वर काठावर पाइप चकचकत होता आणि त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं. कुणीतरी विचारलं, कधी येता मग. त्यानं सांगितलं, उद्या सकाळी.

दुसऱ्या दिवशी तो आला. जाळी ठोकली, चुना मेळवला, जंतूंची बरणी ओतली. सगळी वस्ती भोवती उभी राहून कौतुकानं बघत होती. बाया लेकरांना पुढं करत होत्या, गुंफाबाई असत्या तर किती खूश झाल्या असत्या म्हणत होत्या. प्रल्हादनं थापी उचलली आणि पहिला हात बहिणीच्या घराला दिला.